आधी भिंत, मग रंग

मार्च महिना लागला की जळगाव-धुळे भागातील आपल्या वस्त्यांमध्ये एकच लगबग सुरू होते. १४ एप्रिल जवळ आलेली असते. कोणी चुना भिजत घालतो, कोणी डिस्टेंपरचा डबा आणतो, कोणी ओट्याला निळा पट्टा ओढतो. विहाराच्या रंगासाठी वर्गणीची वही घरोघर फिरते. ज्याच्या हाती रोकड नसते तो उसनवारी करतो, पण जयंतीला घर रंगवल्यावाचून राहत नाही. यात गैर काहीच नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या समाजाने आपले घर नीटनेटके ठेवावे, विहार सुंदर ठेवावा, ही जाण बाबासाहेबांच्या चळवळीनेच आपल्याला दिली आहे.

परंतु पुढे काय होते? आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. उपासक-उपासिका विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला बसतात, आणि समोरच्या भिंतीवर तीन महिन्यांपूर्वी दिलेल्या रंगाचे फुगे आलेले दिसतात. चौकटीच्या कडेची भेग पुन्हा उघडते. तळाशी पांढरा खार सुटतो. मग कोणी पेंटरला दोष देतो, कोणी रंगाच्या कंपनीला, कोणी वर्गणीचा हिशेब मागतो. पुढच्या वर्षी त्याच भिंतीवर पुन्हा नवा रंग. आमच्या माहितीतील एका वस्तीत बुद्धमूर्तीमागील भिंत सलग चार वर्षे रंगवली गेली. भिंतीच्या पलीकडे पाण्याची टाकी पाझरत होती. तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

बंधू-भगिनींनो, रंग हा भिंतीवर उपाय नव्हे. रंग म्हणजे वरचा कपडा. त्याआधी दोन कामे असतात: एक, भेगा भरणे, दोन, अस्तर म्हणजेच प्रायमर किंवा सीलर देणे. ही दोन कामे केव्हा करावीत, आणि केव्हा मुळीच करू नयेत, हे कळले तर कष्टाचा पैसा दरसाल मातीत जाणार नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

विनयात सांगितलेले अस्तर

भिंतीला रंगाआधी तयार करण्याचे ज्ञान आपल्याला परके नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या निवासाविषयी एक प्रकरण आहे. त्यात विहाराच्या भिंतींना पांढरा, काळा आणि गेरूचा रंग देण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली आहे. पुढचा भाग तर आजच्या पेंटरनेही वाचावा असा आहे. भिंत खडबडीत होती म्हणून पांढरा रंग तिच्यावर धरेना. तेव्हा तुसाचा लेप देऊन, तो थापीने सारखा करून मग रंग देण्यास सांगितले. तरीही धरेना, तेव्हा मऊ मातीचा लेप सांगितला. तरीही धरेना, तेव्हा झाडाचा चीक आणि पिठाची खळ वापरण्याची अनुज्ञा दिली. गेरूच्या रंगासाठी कोंडा मिसळलेली माती, मोहरीची पूड आणि मेणाचे तेल असा क्रम आला आहे.

यातील पद्धत पाहा. रंग धरत नाही, तर का धरत नाही ते पाहायचे. एक उपाय करून पाहायचा. तो पुरला नाही तर पुढचा करायचा. रंगावर रंग चढवत बसायचे नाही. तुसाचा लेप ही त्या काळची पुट्टी, आणि चीक-खळ हे त्या काळचे प्रायमर. आपल्या आया-आज्या चुन्यात डिंक किंवा खळ घालत. हाताला चुना लागू नये म्हणून त्या हे करत. त्याचे कारण तेच.

अजिंठ्याने शिकवलेले दोन धडे

आपल्या जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली आहेत. चित्रे पाहताना चित्राखाली काय आहे, हे मात्र आपण पाहत नाही. कारागिरांनी खडक गुळगुळीत केला नाही. छिन्नीचे टवके तसेच ठेवले, कारण खडबडीत पृष्ठभागाला गिलावा घट्ट धरतो. त्यावर मातीचा जाड थर दिला. त्यात भाताचे तूस, गवत आणि झाडांचे धागे मिसळले, म्हणजे वाळताना माती तडकू नये. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि ते सारे सुकल्यावर चित्र. सुमारे दीड हजार वर्षे ती चित्रे टिकली, त्यात या न दिसणाऱ्या थरांचा मोठा वाटा आहे.

दुसरा धडा कडू आहे. अजिंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. चित्रांचा गिलावा सुटून पडत होता. १९२० ते १९२२ या काळात संस्थानाने लॉरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा पक्का केला, हे काम उपयोगी ठरले. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेचे व्हार्निशही दिले. आरंभी चित्रे उजळ दिसली. काही काळाने तो थर पिवळा पडला, काळवंडला, तडकला, आणि त्याखाली धूर, धूळ व वटवाघळांची घाण कोंडली गेली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर फार सावधपणे उतरवण्याचे काम वर्षानुवर्षे करावे लागले.

म्हणजे भेग भरणे आणि कडा पक्क्या करणे योग्य होते. पण साफ न केलेल्या पृष्ठभागावर वरून सीलबंद थर चढवणे घातक ठरले. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीलाही हाच नियम लागू पडतो. मळ, ओल आणि खार आत कोंडून वरून कितीही महाग सीलर दिला तरी तो टिकत नाही.

भेग का पडते?

धम्म आपल्याला कार्यकारणभाव शिकवतो. कारणावाचून काही घडत नाही. भिंतीला तडा गेला की आजही काही घरांत 'वास्तुदोष' शोधला जातो. शांती करण्यासाठी पैसे मोजले जातात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे शोभत नाही. तड्याचे कारण पायाखाली, छतावर किंवा गिलाव्यात असते, आणि ते डोळ्यांनी पाहता येते.

तापीच्या खोऱ्यातील काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. पाया मुरमापर्यंत न नेता काळ्या मातीतच उभ्या केलेल्या घराची भिंत जमिनीबरोबर वर्षातून एकदा उठते आणि एकदा बसते. त्यात आपल्याकडचे ऊन. पारा ४५ अंशांपर्यंत जातो. स्लॅब दिवसा तापून पसरतो, रात्री आकसतो. वीट, सिमेंट, लाकूड आणि लोखंड यांचे पसरणे-आकसणे सारखे नसते. म्हणून हे पदार्थ जेथे एकमेकांना भेटतात तेथेच भेग उघडते.

भेगांचे चार प्रकार ओळखावेत.

पहिला, केसासारख्या बारीक भेगा. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. गिलाव्याला नीट पाणी मारले गेले नाही, किंवा माल जास्त सिमेंटचा झाला की त्या पडतात. या भेगा धोक्याच्या नाहीत. पुट्टीचा पातळ हात पुरतो.

दुसरा, सांध्याच्या सरळ भेगा. दाराच्या चौकटीभोवती, खिडकीच्या कडेला, बीम आणि विटांच्या भिंतीच्या मध्ये, ओटा आणि भिंत जेथे मिळतात तेथे. हा सांधा हलता असतो. येथे सिमेंट किंवा पुट्टी भरली तर ती वाळून कडक होते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुटते. येथेच नळीत मिळणारे लवचिक सीलंट वापरायचे.

तिसरा, तिरप्या किंवा पायरीपायरीने चढणाऱ्या भेगा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून विटांच्या सांध्यांतून वर जातात. आतून-बाहेरून एकाच जागी दिसतात. हे पाया बसत असल्याचे लक्षण. येथे रंग, पुट्टी, सीलंट काहीही उपयोगाचे नाही.

चौथा, फुगून आलेला व पोकळ वाजणारा गिलावा. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. डबडब आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे. तो पाडून नवा करणे हाच उपाय. पोकळ गिलाव्यावरची भेग भरणे म्हणजे पैसे पोकळीत टाकणे.

घरच्या घरी चार परीक्षा

यासाठी इंजिनिअर लागत नाही. घरातील आईबहिणी आणि शाळेत जाणारी मुलेही या परीक्षा करू शकतात.

पेन्सिलची परीक्षा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेची रुंदीही लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर आणि पुन्हा उन्हाळ्यात पाहा. भेग खुणेपुढे गेली नाही तर ती थांबलेली आहे, भरून टाका. लांबत किंवा रुंदावत असेल तर आधी जाणत्या गवंड्याला अथवा इंजिनिअरला दाखवा.

प्लास्टिकची परीक्षा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावा. एक दिवस-रात्र राहू द्या. आतल्या बाजूला दव जमले तर भिंतीत ओल आहे. भिंत वाळेपर्यंत पुट्टी, प्रायमर, रंग यांपैकी काहीही लावू नका.

तळहाताची परीक्षा. जुन्या रंगावर कोरडा तळहात घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर त्या भिंतीवर नवा रंग धरणार नाही. आधी खरवडून, घासून, पुसून घ्या आणि मग प्रायमर द्या. आपल्याकडे वर्षानुवर्षे चुन्याचे हात दिलेल्या भिंतींवर थेट डिस्टेंपर मारतात आणि तो पापुद्र्यांसह खाली येतो, त्याचे कारण हेच.

पाण्याची परीक्षा. भिंतीवर हाताने थोडे पाणी शिंपडा. लगेच शोषून भिंत काळपट पडली तर ती तहानलेली आहे. रंगातील पाणी ती ओढून घेईल आणि रंग डागाळेल. तिला प्रायमर हवेच. पाणी ओघळून गेले आणि जुना रंग घट्ट असेल तर फक्त घासून, पुसून वरचा हात देता येतो. तेथे प्रायमरचा खर्च वाचतो.

कोणती भेग कशाने भरावी?

दुकानदार जे देईल ते आणण्याची सवय सोडावी. प्रत्येक वस्तूचे काम वेगळे आहे.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पावडरीच्या रूपात येते. तिला आधी भिंत किंचित ओली करावी लागते, आणि प्रायमर तिच्यानंतर द्यायचे असते. एक हात दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको. दोन पातळ हात चांगले. डब्यातील तयार अ‍ॅक्रिलिक पुट्टीचे उलट आहे. तिच्याआधी प्रायमर, तिच्यानंतर पुन्हा प्रायमर. ही फक्त आतल्या भिंतींसाठी. बाहेरच्या भिंतीवर पावसात ती विरघळून निघते. खिळ्याचे मोठे भोक, वायरिंगची चर किंवा निघालेला टवका पुट्टीने भरू नये. तेथे वाळू-सिमेंटचा माल भरून, त्याला पाणी मारून, सुकल्यावर पुट्टी द्यावी.

गिलाव्यातील थांबलेली भेग भरण्यापूर्वी ती थोडी रुंद करावी लागते. करवतीच्या तुटक्या पात्याच्या टोकाने तिला आत निमुळती अशी खाच पाडा. सुटे कण आणि धूळ ब्रशने काढा. मग भरण दाबून बसवा. रुंद न करता वरून नुसती पट्टी फिरवली तर भरण आत जातच नाही.

चौकटीच्या हलत्या सांध्याला अ‍ॅक्रिलिक सीलंट वापरा. सुकल्यावर ते रबरासारखे लवचिक राहते आणि त्यावर रंग बसतो. सिलिकॉनवर मात्र साधा रंग धरत नाही. सिलिकॉनची जागा मोरीतील टाइल्स, बेसिन आणि काच येथे आहे. रंगवायच्या जागी चुकून सिलिकॉन भरले तर नंतर ते पूर्ण खरवडून काढावे लागते. नळी घेताना त्यावर 'रंगवता येते' असे लिहिले आहे का ते वाचून घ्या, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

सीलंट लावण्याची वेळ लक्षात ठेवा: प्रायमरनंतर आणि शेवटच्या रंगाआधी. कोरे लाकूड आणि कोरा गिलावा सीलंटला नीट धरत नाहीत. प्रायमर दिलेल्या पृष्ठभागाला ते घट्ट चिकटते. सांध्यात धार सोडल्यावर ओल्या बोटाने एकदाच सरळ फिरवा. पूर्ण सुकल्यावरच रंग द्या. भेग बोटाएवढी रुंद असेल तर सगळी सीलंटने भरू नका. आधी आत माल भरून ती अरुंद करा.

हिशेबही सांगतो. ३०० मिलिलिटरच्या नळीतून सहा मिलिमीटर रुंद व तेवढ्याच खोल सांध्यात साधारण आठ मीटर, म्हणजे २७ फूट धार निघते. सात फूट उंच व तीन फूट रुंद चौकटीला एका बाजूने १७ फूट लागतात. म्हणजे एका नळीत एक दार आणि एक लहान खिडकी होते. दहा बाय दहा बाय दहाच्या खोलीच्या भिंती ४०० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता सुमारे ३६५. खडबडीत भिंतीवर एक किलो पावडर पुट्टी दोन हातांत साधारण १० ते १५ चौरस फूट जाते. तेव्हा ३० किलोच्या आसपास धरून चाला. आधी मोजले तर माल उरत नाही आणि पेंटरशी वादही होत नाही.

लाकूड आणि पत्रा

लाकडात गाठ असेल तर तिच्यातून राळ झिरपून रंगावर पिवळा डाग येतो. गाठीवर आधी लाखेचा हात देतात. अजिंठ्यात जी लाख नको तेथे लागली, तीच लाख येथे आपल्या जागी आहे. औषध तेच, पण रोग पाहून द्यायचे असते. चुलीच्या धुराने काळी पडलेली भिंतही साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, डाग रोखणारे प्रायमर देऊनच रंगवावी. नुसत्या पांढऱ्या रंगातून काजळी पुन्हा वर येते.

पत्र्याच्या घरात गंज तारेच्या ब्रशने आणि घासपेपरने काढा, पुसून कोरडा करा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे अस्तर द्या. स्क्रूच्या भोकातून पाणी येत असेल तर आधी रबरी वॉशर बदला. आत वाहणाऱ्या पाण्याला आतून एम-सील लावून उपयोग नाही. पाणी बाहेरूनच अडवावे लागते.

जेथे सीलबंद करू नये

मातीच्या भिंतींची आणि धाब्याची घरे खान्देशात अजूनही पुष्कळ आहेत. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा, ऑइलपेंट किंवा प्लास्टिकसारखा सीलर चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही. आतून माती भुसभुशीत होते, आणि वरचा कडक थर एक दिवस ढलपीसह कोसळतो. अशा भिंतीची भेग तूस किंवा भुसा घातलेल्या मातीनेच भरावी. वर चुना किंवा गेरू द्यावा.

खार सुटलेल्या भिंतीचेही तसेच. जमिनीतील पाणी विटांमधून वर चढते, वाळताना क्षार मागे ठेवते. हा खार कोरड्या ब्रशने झाडून काढावा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. त्यावर सीलर मारला तर ओल आणखी वर चढून सीलरच्या वरच्या कडेला बाहेर येते. आधी पाणी थांबवावे: मोरीचा पाइप, टाकीचा पाझर, भिंतीलगत साचणारे सांडपाणी, जोत्याशी टाकलेला मातीचा ढीग. बहुतेक घरांत एवढे केले तरी निम्मी ओल कमी होते.

नवे घरकुल मिळालेल्यांनी, मग ते रमाई आवास योजनेचे असो वा दुसऱ्या योजनेचे, गृहप्रवेशाच्या घाईत ओल्या गिलाव्यावर रंग देऊ नये. गिलावा पूर्ण झाल्यावर किमान चार आठवडे भिंत मोकळी राहू द्यावी. तोवर चुन्याचा एक हात पुरेसा शोभतो.

रंगकाम करणाऱ्या आपल्या भावांसाठी

आपल्या वस्तीतील अनेक तरुण रोजंदारीवर पेंटिंग करतात. घासकामाची धूळ त्यांच्या छातीत जाते. भिंत घासताना नाकातोंडावर मास्क किंवा निदान दुहेरी रुमाल बांधावा. चुना कालवताना डोळे सांभाळावेत. जुन्या दारांवरील ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण त्याआधीचा रंग दारावर तसाच असतो. तो कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा. निघालेली भुकटी ओल्या फडक्याने पुसून उचलावी. लहान मुले आणि गरोदर भगिनी यांना त्या वेळी दूर ठेवावे. शिशाचा सर्वांत जास्त मार लहान मुलांच्या मेंदूवर होतो.

आणखी एक. रंगकाम करणारा हाही बांधकाम कामगारच आहे. वय १८ ते ६० असेल आणि मागील वर्षात ९० दिवस काम केले असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्याची नोंदणी होते. मुलांच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी मंडळाच्या योजना आहेत. कामाच्या दिवसांचे प्रमाणपत्र वेळेवर घेऊन ठेवावे. विहाराच्या कार्यकर्त्यांनी ज्यांना अर्ज भरता येत नाही त्यांचे अर्ज भरून द्यावेत. जयंतीच्या कमानीइतकेच हे काम मोलाचे आहे.

वर्षाचे वेळापत्रक

रंगाचे काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू केले की सगळेच घाईचे होते. भिंत तापलेली असते, रंग ब्रशवरच सुकतो, चुना करपून भुकटी होतो. म्हणून काम वर्षभरात वाटून घ्यावे. आपल्या सणांच्या तारखा त्यासाठी सोयीच्या आहेत.

३१ जुलै. बाबासाहेब १९३७ साली या दिवशी धुळ्याला आले होते. त्या स्मृतीसाठी आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. हा ऐन पावसाचा काळ. परत आल्यावर घराच्या आणि विहाराच्या भिंती पाहा. ओल कोठून येते, कोठवर चढते, ते खडूने आखून ठेवा.

अशोक विजयादशमी ते ६ डिसेंबर. पाऊस थांबलेला असतो. पाइप, टाकी, छताचे पाझर आणि जोत्यालगतची गटार यांची कामे करा. मग भिंतीला दोन महिने वाळू द्या.

७ फेब्रुवारी, रमाईंची जयंती. या आठवड्यात खरवडणे, भेगा भरणे, पुट्टी, प्रायमर. हिवाळ्याच्या शेवटी हलती भेग पूर्ण उघडलेली नसते आणि पूर्ण मिटलेलीही नसते. भरायला हीच वेळ चांगली.

मार्चचा मध्य. शेवटचे दोन हात. सकाळी लवकर, आणि जी भिंत सावलीत आहे ती आधी. १४ एप्रिलला घर तयार असते, आणि उसनवारीही टळते, कारण खर्च चार भागांत विभागलेला असतो.

विहार समित्यांना एक सूचना करावीशी वाटते. जमाखर्चाच्या वहीत 'रंगरंगोटी' असा एकच रकाना असतो. त्याचे दोन भाग करा: एक 'डागडुजी', दुसरा 'रंग'. जोवर डागडुजीच्या रकान्यात काही लिहिले गेले नाही, तोवर रंगाच्या रकान्यात खर्च टाकू नये, असा ठराव बैठकीत करून घ्या. कोणत्या भिंतीची कोणती भेग कधी भरली, कशाने भरली, तेही वहीत लिहा. पुढच्या कार्यकर्त्याला ते कामी येईल आणि हिशेबावरून होणारी भांडणे थांबतील.

कष्टकऱ्याच्या घरात दरवर्षी रंगाला जाणारा पैसा लहान नसतो. तो दोन वर्षे वाचला तर मुलीच्या शिकवणीची फी निघते, पुस्तके येतात. भिंतीची एक भेग कारण शोधून नीट भरली तर पुढच्या चार जयंत्यांना तीच भिंत आपल्याला साथ देते. या वर्षी डबा आणण्यापूर्वी पेन्सिल घ्या आणि आपल्या घराच्या भिंतींभोवती एक फेरी मारा.

जयभीम! नमो बुद्धाय!